नाताळचे अर्ध्या तासाचे ॲनिमेशनपट आणि त्यांच्यामागची पुस्तकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमकं कोणत्या चित्रपटांबद्दल आहे?

नाताळच्या सुट्टीत टीव्हीवर दाखवायला म्हणून मुद्दाम बनवलेल्या, आणि मुलांच्या एखाद्या नावाजलेल्या पुस्तकावर बेतलेल्या छोट्या ॲनिमेशनपटांबद्दल. अमेरिकेतले 'रुडॉल्फ' (1964) आणि 'ग्रिंच' (1966), ब्रिटनमधले 'द स्नोमॅन' (1982) आणि 'द ग्रफलो' (2009) ही त्यातली ठळक नावं. चार्ली ब्राउनचा 1965 चा प्रसिद्ध नाताळपट इथे नाही, कारण तो वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीवरून आला, पुस्तकावरून नाही.

मला या सगळ्यात एका गोष्टीचं विशेष कुतूहल आहे. पुस्तक मोठ्याने वाचलं तर दहा-बारा मिनिटांत संपतं आणि चित्रपट मात्र पंचवीस मिनिटांचा असतो. मग मधली मिनिटं भरली कशाने? खालच्या बऱ्याच उत्तरांत हा प्रश्न डोकावेल, कारण चित्रपट चांगला झाला की फसला हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

यातले बहुतेक चित्रपट 25-26 मिनिटांचेच का असतात?

टीव्हीवरच्या अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की साधारण तेवढाच वेळ उरतो. बीबीसीवर जाहिराती नसतात, पण हे चित्रपट पुढे परदेशी वाहिन्यांनाही विकायचे असतात, म्हणून तिथेही लांबी 26-27 मिनिटांच्या आसपासच राहते. ही मर्यादा व्यापारातून आली असली तरी चित्रपुस्तकांना ती फार मानवली. बत्तीस पानांच्या गोष्टीला दीड तास ताणायचं म्हटलं की नवी पात्रं, उपकथानकं, खलनायकाचं दुःखी बालपण असं बरंच काही आणावं लागतं. पंचवीस मिनिटांत मूळ गोष्ट शाबूत राहते.

टीव्हीसाठी बनलेला असा पहिला नाताळपट कोणता?

'मिस्टर मगूज ख्रिसमस कॅरल' हा सहसा पहिला मानला जातो. 18 डिसेंबर 1962 ला तो अमेरिकेत एनबीसीवर दाखवला गेला. चार्ल्स डिकन्सच्या 1843 मधल्या कथेत निर्मात्यांनी मगू या कार्टूनमधल्या अधू नजरेच्या, हट्टी म्हाताऱ्याला कंजूष स्क्रूजच्या भूमिकेत घातलं. गाणी चांगली आहेत, पण आज मुलांना दाखवायचा तर मगू कोण हे आधी सांगावं लागतं.

रुडॉल्फ हे पात्र गाण्यातून आलं की पुस्तकातून?

पुस्तकातून, आणि तेही दुकानात फुकट वाटलेल्या पुस्तिकेतून. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या दुकानाला 1939 मध्ये नाताळच्या गिऱ्हाइकांच्या मुलांना द्यायला काहीतरी हवं होतं. जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या रॉबर्ट मे या नोकराला ते काम मिळालं. त्याची बायको तेव्हा कॅन्सरने आजारी होती आणि पुस्तिका लिहून होण्याआधीच ती गेली. चार वर्षांच्या मुलीला एकेक तुकडा वाचून दाखवत त्याने लाल नाकाच्या रेनडिअरची ती पद्यकथा पुरी केली. पहिल्याच वर्षी तिच्या सुमारे 24 लाख प्रती वाटल्या गेल्या. हक्क कंपनीकडे होते, ते 1947 मध्ये तिने मे यांना देऊन टाकले. पुढे त्यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनी गाणं केलं, 1949 मध्ये जीन ऑट्रीने ते गायलं, आणि मूळ पुस्तिका लोकांच्या विस्मरणात गेली.

1964 चा बाहुल्यांचा चित्रपट गाण्यावर उभा आहे, आणि पुस्तिकेतलं त्यात फारच थोडं उरलं आहे. दंतवैद्य व्हायचं स्वप्न पाहणारा बुटका, सोनं शोधत फिरणारा दाढीवाला, नको असलेल्या खेळण्यांचं बेट, हिमराक्षस, यातलं काहीही मे यांनी लिहिलेलं नाही. पुस्तिकेतला रुडॉल्फ सांताच्या गावात राहतही नाही. धुक्याच्या रात्री भेटी वाटत फिरताना सांताला तो एका घरात अचानक सापडतो.

तो चित्रपट जपानमध्ये बनला असं ऐकलं, खरं का?

हो. निर्माते रँकिन आणि बास न्यूयॉर्कचे, पण बाहुल्या एकेक चौकटीला किंचित हलवून चित्रित करण्याचं काम टोकियोत तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत झालं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या वर्षी दाखवलेल्या प्रतीत सांता त्या नकोशा खेळण्यांना सोडवायला जातच नव्हता. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आणि 1965 च्या प्रक्षेपणात तो प्रसंग जोडला गेला. मुलांना दिलेला शब्द गोष्टीत पाळला गेला पाहिजे, एवढं साधं मागणं होतं ते, आणि निर्मात्यांनी ते ऐकलं याचं मला आजही बरं वाटतं.

ग्रिंच हिरवा का आहे? पुस्तकात तर तसा नाही.

बरोबर. ग्रिंच म्हणजे डोंगरावर राहणारा, नाताळचा तिटकारा असलेला आणि खालच्या हूगावातल्या भेटवस्तू चोरणारा एक विक्षिप्त प्राणी. डॉ. स्यूस म्हणजे थिओडोर गायझेल यांचं पुस्तक 1957 चं. त्यातली चित्रं काळ्या-पांढऱ्या रेघांत आहेत आणि रंग एकच, लाल-गुलाबी. ग्रिंचला हिरवा केला दिग्दर्शक चक जोन्सने. चित्रपट 18 डिसेंबर 1966 ला सीबीएसवर आला. अमेरिकेतल्या घरांत रंगीत टीव्ही तेव्हा नुकते पोचू लागले होते, म्हणजे पात्राला रंग हवाच होता. हा रंग लोकांच्या मनात इतका पक्का बसला की आज पुस्तक उघडल्यावर मुलं विचारतात, ग्रिंच इथे पांढरा कसा?

जोन्स आणि गायझेल यांची ओळख जुनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना शिकवण्यासाठी बनवलेल्या स्नाफू या गबाळ्या शिपायाच्या कार्टूनपटांवर दोघांनी काम केलं होतं. आपली पुस्तकं पडद्यावर नेऊ द्यायला गायझेल सहजी तयार होत नसत, पण जोन्सवर त्यांचा विश्वास होता.

बारा मिनिटांचं पुस्तक 26 मिनिटांचं कसं झालं?

मला विचाराल तर या पानावरचा सगळ्यात रंजक प्रश्न हाच. जोन्सने तीन ठिकाणी भर घातली.

पहिली भर मॅक्स कुत्र्याची. पुस्तकातही तो आहे, डोक्याला शिंग बांधून घसरगाडी ओढतोही, पण चित्रपटात तो प्रेक्षकांचा प्रतिनिधी होतो. बोलत काहीच नाही. मालकाकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि हे काही बरं चाललेलं नाही हे त्या नजरेतून मुलांना कळतं. घसरगाडी डोंगर उतरण्याच्या प्रसंगात जोन्सची 'वॉर्नर ब्रदर्स' मधली सगळी कमाई दिसते. शिंगाच्या वजनाने मॅक्सचं डोकं खाली जातं, तेवढ्या एका हालचालीत विनोदही आहे आणि कणवही.

दुसरी भर ग्रिंचला नावं ठेवणाऱ्या गाण्याची. त्याचे शब्द गायझेल यांचेच असल्यामुळे ते पुस्तकाच्या पोटातून आल्यासारखं वाटतं. चाल अल्बर्ट हेग यांची.

तिसरी भर मला सर्वांत आवडते. सगळ्या भेटवस्तू चोरीला गेल्यावरही हूगावचे लोक सकाळी हात धरून गातात असं पुस्तकात म्हटलं आहे, पण ते काय गातात हे तिथे दिलेलंच नाही. चित्रपटाला तर ते ऐकवावंच लागणार. गायझेल यांनी लॅटिनसारखी वाटणारी पण अर्थ नसलेली अक्षरं जुळवली आणि ती रिकामी जागा भरली. त्या ओळींत कोणत्याच वस्तूचं नाव नाही, आणि ज्यांच्याकडे एकही वस्तू उरलेली नाही त्यांच्या तोंडी तेच शोभतं.

ग्रिंचचा आवाज आणि गाणं एकाच माणसाचं आहे का?

नाही. निवेदन आणि ग्रिंचचे संवाद बोरिस कार्लोफ यांचे. 'फ्रँकेनस्टाइन' मधला राक्षस म्हणून जगाला माहीत असलेला हा इंग्रज नट तेव्हा 79 वर्षांचा होता. (त्यांचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि वडील हिंदुस्थानातल्या मीठ-महसूल खात्यात नोकरीला होते.) गाणं मात्र थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांच्या खर्जातलं. श्रेयनामावलीत त्यांचं नाव द्यायचं राहून गेलं, त्यामुळे लोक कार्लोफ यांनाच गायक समजू लागले. गायझेल यांनी वर्तमानपत्रांतल्या स्तंभलेखकांना पत्रं पाठवून खरा गायक कोण ते कळवलं. तरी आजही हा प्रश्न येतोच, म्हणून इथे ठळकपणे सांगतो: गायक रेव्हन्सक्रॉफ्ट.

ग्रिंचचे नवे, मोठे चित्रपट पाहावेत का?

2000 सालचा जिम कॅरीचा आणि 2018 चा ॲनिमेशनपट, दोन्ही पाहायला हरकत नाही. पण दोघांनीही ग्रिंचला बालपण दिलं. एकात शाळेत चिडवलेला मुलगा, दुसऱ्यात अनाथ. पुस्तकात तो असा का आहे ते कुणालाच माहीत नाही. बूट घट्ट असतील, डोकं नीट बसवलेलं नसेल, की काळीज दोन मापांनी लहान असेल? मुलांना ते न सांगितलेलं कारण पुरतं. कारण सांगून टाकलं की शेवटी त्याचं काळीज वाढतं त्यातलं नवल कमी होतं.

'द स्नोमॅन' मध्ये खरंच एकही शब्द नाही?

सुरुवातीचं छोटं निवेदन आणि मधलं एक गाणं सोडलं तर नाही. रेमंड ब्रिग्ज यांचं 1978 चं पुस्तकही शब्दाविना आहे. त्याआधी ते चिखल, बुरशी आणि घाणीत राहणाऱ्या 'फंगस' नावाच्या बागुलबुवाच्या पुस्तकात बुडालेले होते. त्या पुस्तकात मजकूरही भरपूर. ते संपल्यावर त्यांना काहीतरी स्वच्छ, ताजं आणि शब्दांशिवाय करावंसं वाटलं.

निर्माते जॉन कोट्स यांची कंपनी टीव्हीसी, म्हणजे 1968 चा बीटल्सचा 'यलो सबमरीन' बनवणारीच. दिग्दर्शन डायान जॅक्सन यांचं, पर्यवेक्षण जिमी मुराकामी यांचं. संवादांऐवजी संगीतकार हॉवर्ड ब्लेक यांनी संपूर्ण गोष्ट वाद्यवृंदावर सांगण्याचा आग्रह धरला. त्यातल्या गाण्याची चाल त्यांच्या मनात बरीच वर्षं होती, जागा आता मिळाली.

चित्रांबद्दलही थोडं सांगायला हवं. एरवी कार्टूनपटात पारदर्शक पत्र्यांवर सपाट रंग भरतात. इथे चित्रकारांनी त्या पत्र्यांवर रंगीत पेन्सिली आणि खडू चालवले, कारण ब्रिग्ज यांची चित्रं पेन्सिलीची होती आणि तो खरखरीत पोत हरवू द्यायचा नव्हता. प्रत्येक चित्रात रेघोट्या थोड्या वेगळ्या पडतात, त्यामुळे उभा राहिलेला माणूसही सतत हलका थरथरतो. बर्फ पडत असताना ही थरथर फार शोभते.

पुस्तकात नाताळच नाही, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि बहुतेकांना ते ऐकून धक्का बसतो. पुस्तकात मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं घर धुंडाळतात, आईवडिलांच्या खोलीतले कपडे घालून बघतात, जेवतात, उडत ब्राइटनच्या समुद्रकिनाऱ्यावर जातात, सूर्योदय पाहतात आणि परत येतात. सकाळी उरतो तो बर्फाचा ढीग. सांता नाही, झाड नाही, उत्तर ध्रुव नाही. मुलाला नावही नाही. चित्रपटात भेटीच्या चिठ्ठीवर ते जेम्स असं दिसतं.

मोटरसायकलची सफर, उत्तरेकडचं लांब उड्डाण, बर्फाच्या माणसांचा नाच, सांताने दिलेला गळपट्टा, हे सगळं चित्रपटाचं. ब्रिग्ज यांना सांताची भर जरा ठोकळेबाज वाटली होती, पण चित्रपटात ती जमून गेली हेही त्यांनी मान्य केलं. माझं मत विचाराल तर मोटरसायकल ही पुस्तकाच्या स्वभावाशी सर्वांत जुळणारी भर आहे. घरातल्या वस्तूंना हात लावून बघणाऱ्या पाहुण्याला शेडमधली गाडी दिसली तर तो तीही चालवून बघणारच. सांताची मेजवानी त्या मानाने बाहेरून आलेली आहे. पण तिच्यावाचून हा चित्रपट दर डिसेंबरला घराघरांत लागला नसता हेही तितकंच खरं. पहिल्यांदा तो 26 डिसेंबर 1982 ला दाखवला गेला, तेव्हा चॅनल 4 ही वाहिनी सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

शेवटी बर्फाचा माणूस वितळतो. लहान मुलांना दाखवावं का?

दाखवावं. काही मुलं रडतात. पालक घाबरून शेवटची दोन मिनिटं बंद करतात असं बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. तसं करू नका, अशी मनापासून विनंती.

ब्रिग्ज यांचे आईवडील दोघंही 1971 मध्ये गेले आणि पत्नी 1973 मध्ये. पाच वर्षांनी त्यांनी हे पुस्तक काढलं. बर्फ वितळतो, माणसं जातात, फुलं सुकतात, आणि गोष्टीने ते लपवायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पाठमोरा मुलगा ढिगाकडे बघत उभा आहे, बस्स. चित्रपटाने इथे एक मोठी गोष्ट केली. मुलगा खिशात हात घालतो आणि सांताने दिलेला गळपट्टा तिथे सापडतो. म्हणजे रात्री घडलं ते स्वप्न नव्हतं. मित्र गेला हे चित्रपट बदलत नाही, पण तो आला होता याची खूण देतो. म्हणून मला वाटतं की पहिल्यांदा चित्रपट आणि थोडं मोठं झाल्यावर पुस्तक हा क्रम या एका गोष्टीसाठी ठीक आहे. पुस्तकाचा शेवट जास्त कठोर आहे.

मूल रडलं तर "उद्या आपण दुसरा करू" असं लगेच म्हणू नका. जवळ घेऊन बसा, श्रेयनामावलीचं संगीत संपू द्या. मूल आपणहून बोलतं.

ते गाणं ॲलेड जोन्सचं ना?

चित्रपटातलं नाही. चित्रपटात गातो तो लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधल्या गायकवृंदातला पीटर ऑटी हा मुलगा. घाईत त्याचं नाव श्रेयनामावलीत आलंच नाही, ते 2002 मध्ये प्रत दुरुस्त करताना घातलं. 1985 मध्ये खेळण्यांच्या एका दुकानसाखळीला जाहिरातीसाठी हे गाणं हवं होतं. तोवर ऑटीचा आवाज फुटला होता, म्हणून वेल्समधल्या ॲलेड जोन्सकडून ते पुन्हा गाऊन घेतलं. ती तबकडी ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली आणि नाव त्याचं झालं. ग्रिंचच्या गायकासारखंच इथेही घडलं. मुलांबरोबर बघताना ऑटीचं नाव आवर्जून सांगा.

माझ्याकडच्या प्रतीत सुरुवात वेगळी आहे, असं का?

तीन सुरुवाती प्रचलित आहेत. मूळ प्रतीत ब्रिग्ज स्वतः शेतातून चालताना दिसतात. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना ओळखीचा चेहरा हवा म्हणून दुसरीत गायक डेव्हिड बोवी पोटमाळ्यावर तो गळपट्टा काढून दाखवतो. तिसरीत सांता बोलतो, त्याचा आवाज मेल स्मिथ या विनोदी नटाचा. हाच आवाज ब्रिग्ज यांच्या कुरकुऱ्या सांतावरच्या 1991 च्या 'फादर ख्रिसमस' या चित्रपटातही आहे. मला ब्रिग्ज यांचीच सुरुवात बरी वाटते, तीत कुणी तारा मध्ये येत नाही.

2012 चा पुढचा भाग कसा आहे?

'द स्नोमॅन अँड द स्नोडॉग'. त्याच घरात राहायला आलेल्या दुसऱ्या मुलाचा कुत्रा मरतो, लाकडी जमिनीखाली त्याला जुनी टोपी आणि गळपट्टा सापडतो, आणि तो बर्फाच्या माणसाबरोबर बर्फाचा कुत्राही करतो. हाताने काढलेली चित्रं सुंदर आहेत. पण शेवटी कुत्रा खराखुरा होऊन उरतो, आणि ती सवलत मला पटत नाही. कुत्रा नुकताच गमावलेल्या मुलाला मात्र तोच शेवट हवासा वाटेल, त्याला हा जरूर दाखवा. चित्रपट जॉन कोट्स यांच्या स्मृतीला अर्पण आहे. तो दाखवला जाण्याच्या तीन महिने आधी ते गेले.

'द ग्रफलो' चा नाताळशी काय संबंध?

गोष्टीचा काहीच नाही, संबंध तारखेचा आहे. 25 डिसेंबर 2009 ला बीबीसी वनने तो दाखवला आणि तेव्हापासून ज्युलिया डोनाल्डसन लिखित, ॲक्सल शेफलर चित्रित पुस्तकांवरचे चित्रपट हा ब्रिटिश नाताळाचा भाग होऊन बसला. 'रूम ऑन द ब्रूम' (2012), 'स्टिक मॅन' (2015), 'द हायवे रॅट' (2017), 'झॉग' (2018), 'द स्नेल अँड द व्हेल' (2019), 'सुपरवर्म' (2021) वगैरे. यात खऱ्या अर्थाने नाताळाची गोष्ट 'स्टिक मॅन' ची. तिच्या शेवटी सांता धुराड्यात अडकतो आणि काठीबाबा त्याला सोडवतो, तेही मुळातल्या पुस्तकातच.

सगळे 'मॅजिक लाइट पिक्चर्स' या लंडनच्या कंपनीचे. पहिल्या ग्रफलोचं ॲनिमेशन जर्मनीतल्या स्टुडिओ सॉइने केलं. जंगल हातांनी बनवलेलं छोटं खरंखुरं, आणि प्राणी संगणकावरचे. त्यामुळे पानांवरचा उजेड खरा वाटतो. ऑस्करचं नामांकनही मिळालं.

इथे मिनिटं कशी भरली, तर डोनाल्डसन यांच्या यमकांना धक्का न लावता. एक खारआई आपल्या दोन पिल्लांना गोष्ट सांगते आहे अशी चौकट घातली, आणि दोन कडव्यांच्या मध्ये प्राण्यांना नुसतं चालू दिलं, वास घेऊ दिलं, दचकू दिलं. अशक्त उंदीर अक्कल चालवून कोल्हा, घुबड, साप आणि शेवटी खुद्द ग्रफलो या राक्षसालाही पळवून लावतो. ही कल्पना डोनाल्डसन यांना वाघाला फसवणाऱ्या कोल्ह्याच्या चिनी लोककथेवरून सुचली. पंचतंत्रातला विहिरीत सिंहाला उडी घ्यायला लावणारा ससा ऐकलेल्या मुलांना हा उंदीर लगेच आपला वाटतो.

'द टायगर हू केम टू टी' मध्ये वाघ कशाचं प्रतीक आहे?

कशाचंच नाही, असं लेखिका जुडिथ कर सांगत असत. लहानपणी नाझींच्या भीतीने त्यांचं कुटुंब जर्मनी सोडून पळालं होतं, म्हणून दारात आलेला वाघ म्हणजे पोलीस, असा अर्थ अनेकांनी लावला. त्या म्हणत, वाघ म्हणजे वाघ. छोट्या लेकीला सांगितलेली गोष्ट 1968 मध्ये पुस्तक झाली. लुपस फिल्म्सचा चित्रपट 2019 च्या नाताळच्या आदल्या दिवशी चॅनल 4 वर आला, त्याच्या सात महिने आधी कर 95 व्या वर्षी वारल्या होत्या. चित्रपटात वाघाला एक गाणं-नाच मिळाला आहे. मला तो लांबलेला वाटतो, चार वर्षांच्या मुलांना मात्र मुळीच वाटत नाही.

डिकन्सच्या कथेचा चांगला ॲनिमेशनपट कोणता?

1971 चा, रिचर्ड विल्यम्स यांचा. जुन्या कोरीव छपाईतल्या चित्रांसारखी रेघ आणि स्क्रूजचा आवाज ॲलिस्टर सिम यांचा. टीव्हीवर आधी दाखवून मग चित्रपटगृहात नेला आणि त्याला ऑस्कर मिळालं. त्यावर नाराजी झाली आणि आधी टीव्हीवर आलेल्या चित्रपटांना स्पर्धेत घ्यायचं नाही असा नियम आला. 25 मिनिटांत तो बराच काळोखा आहे. आठ वर्षांखालच्यांना दाखवू नका, स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लीचं, भूत जबडा सोडतं तो प्रसंग मोठ्यांनाही हलवतो.

मराठी पुस्तकांवर असं काही होऊ शकेल का?

साहित्य आहे. विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' मोठ्याने वाचला की ग्रिंचच्या गावाशेजारचंच एखादं गाव वाटतं, तितकंच तऱ्हेवाईक आणि तितकंच पक्क्या लयीत. परदेशात दर वर्षी अमुक दिवशी अमुक वाहिनीवर असा ठरलेला अर्धा तास आणि त्यासाठी दीड-दोन वर्षं आधी घातलेले पैसे होते. आपल्याकडे दिवाळी अंकांनी मुलांसाठी सणाचं वाचन तयार केलं, तसा दिवाळीचा अर्धा तास कुणी ठरवून राखला तर चित्रकारांची वाण पडणार नाही.

परदेशात असतो. इंग्रजी न समजणारे आजी-आजोबा आणि इथलीच बोली बोलणारी नातवंडं एकत्र काय बघू शकतील?

'द स्नोमॅन', निःसंशय. तिथे सगळे सारखेच. फक्त गाणं सुरू होताना आजीला दोन ओळींत सांगा की दोघं हवेतून चाललेत आणि खाली गावं मागे पडतायत. दुसरा पर्याय ग्रफलो, पण आदल्या दिवशी नातवंडांनी पुस्तकाची चित्रं दाखवत गोष्ट आजीला मराठीत सांगायची, मग चित्रपट बघताना तिला काहीच अडत नाही. आणि मुलांची मराठीही मोकळी होते, कारण ऐकणारी व्यक्ती खरोखर गोष्टीची वाट बघत असते. ग्रिंचही असाच चालतो, मॅक्सला तर भाषाच लागत नाही. रुडॉल्फ मात्र या कामाला घेऊ नका, त्यात संवाद फार आहेत.